खिशातल्या कार्डाला मशीन लावून पैसे चोरता येतात का? 'टॅप' कार्डाचा खरा धोका वेगळाच आहे

गर्दीत एक माणूस हातात कार्ड पेमेंटचं छोटं मशीन घेऊन उभा आहे. पुढच्या माणसाच्या मागच्या खिशाजवळ तो मशीन नेतो, 'बीप' असा आवाज येतो आणि पावती बाहेर पडते. ज्याचं पाकीट आहे त्याला पत्ताही नाही. खाली मजकूर असतो, 'वायफायवालं कार्ड असेल तर आजच बंद करा, हा मेसेज सगळ्यांना पाठवा.'

या धर्तीचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आणि इन्स्टाग्रामवर अधूनमधून परत फिरायला लागतात. कधी जागा लोकलची असते, कधी मॉलची. ते पाहून कुणी कार्ड ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवतं, कुणी 'आरएफआयडी ब्लॉकिंग' लिहिलेलं महागडं पाकीट घेतं. फॉइलने काही बिघडत नाही आणि त्याने लहरी अडतातही. पण टॅप कार्डावरून लोकांचे पैसे खरोखर जातात ते बहुतेक वेळा या मार्गाने जात नाहीत.

टॅप केल्यावर नेमकं होतं काय?

ज्या कार्डावर आडव्या झोपवलेल्या वायफायसारखी चार वक्र रेषांची खूण असते, ते कॉन्टॅक्टलेस कार्ड. त्याचा इंटरनेटशी किंवा वायफायशी काही संबंध नाही. कार्डाच्या प्लास्टिकमध्ये चिपला जोडलेली एक बारीक अँटेना असते. कार्डात बॅटरी नसते. दुकानातलं मशीन १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतं, त्या लहरींवरच चिपला जेमतेम वीज मिळते आणि ती जागी होते. म्हणून कार्ड मशीनच्या अगदी जवळ, दोन-चार सेंटिमीटरवर न्यावं लागतं. या तंत्राला एनएफसी म्हणतात.

जागी झाल्यावर चिप मशीनला कार्डाचा नंबर आणि मुदत सांगते. पण पैसे त्यावर कापले जात नाहीत. त्या एका व्यवहारापुरता चिप एक गुप्त कोड तयार करते आणि बँक तो कोड तपासते. पुढच्या व्यवहाराला कोड वेगळा. त्यामुळे कुणी एका टॅपची सगळी माहिती टिपून ठेवली तरी तीच परत वापरून दुसरा व्यवहार होत नाही.

कार्डाच्या मागची काळी चुंबकीय पट्टी याच्या उलट आहे. तिच्यावरची माहिती कायम तीच असते. एटीएमला किंवा मशीनला चोरून यंत्र लावायचं, पट्टी वाचायची आणि दुसऱ्या कोऱ्या कार्डावर उतरवायची, हा 'स्किमिंग'चा धंदा त्याच पट्टीवर चालला. म्हणून तर रिझर्व्ह बँकेने पट्टीवाली जुनी कार्डं ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत चिपच्या कार्डांनी बदलायला लावली. ज्या टॅपची लोकांना भीती वाटते तो त्याच कार्डावरच्या पट्टीपेक्षा खूप सुरक्षित आहे, हे थोडं गमतीचं आहे.

मोबाइलमध्ये एखादं साधं ॲप टाकून टॅप कार्डाचा नंबर आणि मुदत वाचता येते, हे मात्र खरं आहे. तसे व्हिडिओही आहेत. पण मागे छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही आणि पिन अशा वाचनात मिळत नाहीत. भारतातल्या वेबसाइटवर कार्डाने पैसे भरताना वर ओटीपी लागतो. परदेशातल्या काही वेबसाइट ओटीपी मागत नाहीत, पण त्यासाठी कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असावे लागतात.

मग गर्दीतला तो माणूस?

तांत्रिकदृष्ट्या, पातळ पाकिटात एकच कार्ड असेल, टॅपची सोय सुरू असेल आणि मशीनवर आधी रक्कम टाकून ते नेमकं त्या खिशाला टेकवलं, तर व्यवहार होऊ शकतो. पण चोराच्या बाजूने बघितलं तर हा धंदा अगदीच बेभरवशाचा आहे.

ते मशीन बाजारात विकत घेऊन चालू करता येत नाही. बँकेकडे किंवा पेमेंट कंपनीकडे व्यापारी म्हणून नोंद करावी लागते, केवायसी द्यावी लागते. टॅप केलेले पैसे चोराच्या हातात पडत नाहीत, ते त्या नोंदलेल्या बँक खात्यात जमा होतात, तेही साधारणपणे नंतर. ज्याचे पैसे गेले त्याच्या मोबाइलवर लगेच मेसेज येतो आणि त्यात बहुतेक वेळा त्या 'दुकाना'चं नावही असतं. पाच-दहा जणांनी तक्रार केली की खातं गोठवलं जाणार. आपलं नाव, पत्ता आणि खातं मागे ठेवून चोरी करणारा चोर विरळाच. शिवाय पाकिटात दोन-तीन टॅप कार्डं एकमेकांना चिकटून असली तर मशीन गोंधळतं आणि बरेचदा व्यवहारच नाकारतं.

रकमेलाही मर्यादा आहे. पिन न टाकता टॅप करायला रिझर्व्ह बँकेने मे २०१५ मध्ये परवानगी दिली तेव्हा ती एका व्यवहाराला २,००० रुपयांपर्यंत होती. १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० रुपये झाली. त्यावरच्या रकमेला टॅप केलं तरी पिन लागतो.

याच जातीची एक अफवा जून २०२२ मध्ये देशभर फिरली होती. सिग्नलला गाडीची काच पुसणारा मुलगा मनगटावरच्या घड्याळाने काचेवरचा फास्टॅग 'स्कॅन' करतो आणि पैसे उडवतो, असा तो व्हिडिओ होता. लाखो लोकांनी तो खरा मानला. फास्टॅगचे पैसे फक्त नोंदणी झालेल्या टोल किंवा पार्किंगसारख्या ठिकाणांच्या यंत्रणेलाच जाऊ शकतात, एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाऊच शकत नाहीत, असा खुलासा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला, म्हणजे एनपीसीआयला, करावा लागला. पीआयबीच्या फॅक्ट चेकनेही व्हिडिओ खोटा असल्याचं सांगितलं.

खरा धोका पहिला: हरवलेलं कार्ड

टॅप कार्ड ज्याच्या हातात, तो पिन न टाकता ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी करू शकतो. एकदा नाही, अनेकदा. पाकीट रिक्षात राहिलं आणि ते चुकीच्या माणसाला सापडलं, तर पेट्रोल पंप, मेडिकल, मोबाइलचं दुकान असं करत तासाभरात बरीच रक्कम जाऊ शकते.

दिवसातून असे किती व्यवहार चालू द्यायचे, हे रिझर्व्ह बँकेने बँकांवर सोडलं आहे. त्यामुळे एका बँकेचं कार्ड काही टॅपनंतर अडतं आणि दुसऱ्या बँकेचं चालत राहतं. आपल्या कार्डाचा आकडा काय आहे, हे बँकेच्या ॲपमध्ये पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तो पाहणारे थोडेच.

इथे एक नियम उपयोगी पडतो, पण तो फारसा कुणाला माहीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये खुपसून वापरण्यापुरतंच सुरू असलं पाहिजे. ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय आणि टॅप या तिन्ही सोयी बंद असतात. ग्राहकाने सांगितल्यावरच त्या सुरू होतात, आणि प्रत्येकीची मर्यादा ग्राहकाला स्वतः ठरवता येते, अगदी रात्री दोन वाजताही. बँकेच्या ॲपमध्ये 'मॅनेज कार्ड' किंवा अशाच काहीशा नावाखाली ही बटणं सापडतात. ॲप नसेल तर एटीएमवरून किंवा फोन बँकिंगवरून हे करता येतं.

अडचण अशी की कार्ड हातात आल्यावर लोक एकाच झटक्यात सगळी बटणं सुरू करून टाकतात, किंवा शेजारी बसलेल्या पुतण्याला सांगतात, 'बाळा, जरा चालू करून दे रे.' मग परदेशाचं बटण आयुष्यात कधी न लागताही सुरूच राहतं. घरातल्या ज्येष्ठांची कार्डं एकदा तपासून बघितली तर हे लगेच दिसतं. टॅपची मर्यादाही ५,००० ठेवायलाच हवी असं नाही. भाजी, औषधं आणि पेट्रोलला पुरेल एवढी, १,००० किंवा २,००० केली तरी सोय तीच राहते.

दुसरा: मशीनवरचा आकडा

पेट्रोल पंपावर गाडीत बसूनच कार्ड बाहेर दिलं जातं. ५०० चं पेट्रोल आणि मशीनवर ५,०००, हे चुकून होतं तसं मुद्दामही होऊ शकतं. पिन टाकताना निदान नजर स्क्रीनवर जाते, टॅपमध्ये तीही जात नाही. 'साहेब, झालं नाही, परत टॅप करा,' असं म्हटलं की लोक परत टॅप करतात आणि पैसे दोनदा जातात. मशीन आपल्याकडे वळवून घेणं, रक्कम वाचणं आणि कार्ड स्वतःच्या हाताने टेकवणं यात उद्धटपणा नाही. टॅपचा मूळ फायदाच तो आहे की कार्ड मालकाच्या हातातून सुटत नाही. हॉटेलात बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवून कार्ड आत पाठवलं तर तो फायदा संपतो, कारण आत पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढायला दहा सेकंद पुरतात.

तिसरा, आणि सगळ्यात नवा: मोबाइलच्या पाठीला लावलेलं कार्ड

ऑगस्ट २०२४ मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने 'एनगेट' नावाच्या अँड्रॉइड व्हायरसची माहिती प्रसिद्ध केली. घटना चेक प्रजासत्ताकातल्या होत्या, तिथल्या तीन बँकांच्या ग्राहकांबाबत. पण त्यातला संवाद मराठी माणसाला अगदी ओळखीचा वाटेल.

आधी कराच्या परताव्याचा एसएमएस आला. त्यातल्या लिंकवरून बँकेसारखं दिसणारं ॲप फोनमध्ये आलं. मग 'बँकेतून' फोन आला की तुमचं खातं धोक्यात आहे, पिन बदलावा लागेल, त्यासाठी आम्ही पाठवतो ते दुसरं ॲप घ्या. त्या ॲपने पिन विचारला, फोनचं एनएफसी सुरू करायला सांगितलं आणि मग म्हटलं, कार्ड फोनच्या पाठीला टेकवून ठेवा.

त्या क्षणी ग्राहकाचा फोन मशीन बनला. कार्डाने दिलेली माहिती इंटरनेटवरून दूर उभ्या असलेल्या चोराच्या फोनवर जात होती आणि चोराचा फोन एटीएमला टेकवलेला होता. एटीएमच्या दृष्टीने तिथे खरं कार्ड हजर होतं, एका व्यवहारापुरता तयार होणारा तो गुप्त कोडही खरा होता आणि पिनही बरोबर. कार्ड ग्राहकाच्या स्वयंपाकघरात आणि नोटा दुसऱ्याच गावात, असा हा प्रकार. मार्च २०२४ मध्ये प्रागमध्ये २२ वर्षांच्या एका तरुणाला अटक झाली, तेव्हा त्याच्याजवळ १ लाख ६० हजार चेक कोरुना सापडले.

या चोरीत वापरलेलं मूळ सॉफ्टवेअर, 'एनएफसीगेट', जर्मनीच्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी संशोधनासाठी बनवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये इटलीतही याच पद्धतीचा 'सुपरकार्ड एक्स' हा व्हायरस उघडकीला आला. आपल्याकडची एटीएम बहुतेक कार्ड आत सरकवूनच चालतात, पण दुकानातलं टॅप मशीन तर सगळीकडे आहे.

याचा एक भाऊबंद आहे, त्याला 'घोस्ट टॅप' म्हणतात. थ्रेटफॅब्रिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात कार्ड टेकवावंही लागत नाही. चोर खोट्या वेबसाइटवरून कार्डाचा नंबर घेतो आणि ते कार्ड स्वतःच्या फोनमधल्या वॉलेटला जोडायला लागतो. जोडताना बँक खऱ्या मालकाला ओटीपी पाठवते. तो ओटीपी फोनवर सांगितला की कार्ड चोराच्या फोनमध्ये जाऊन बसतं, आणि मग तो जगात कुठेही टॅप करत फिरतो. असा ओटीपी येतो तेव्हा तो कशासाठी आहे हे बहुतेक वेळा मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. पण कानाला फोन लावून घाबरलेला माणूस सहा आकडे वाचतो, वरचं वाक्य वाचत नाही.

यूपीआय, मेट्रो कार्ड आणि अंगठा

यूपीआयमध्ये पैसे पिन टाकल्यावर जातात आणि पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. जुनं फर्निचर विकायला काढलं, 'लष्करातल्या' ग्राहकाने क्यूआर पाठवला आणि 'स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील' असं सांगितलं, ही फसवणूक एवढ्या एका गोष्टीच्या अज्ञानावर वर्षानुवर्षं चालली. पैसे मागणाऱ्या रिक्वेस्टचा गैरवापर इतका वाढला की व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोयच एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायला लावली. यूपीआय लाइटला मात्र पिन लागत नाही. तिथे एका वेळी १,००० रुपये आणि एकूण ५,००० रुपये शिल्लक एवढी मर्यादा आहे, म्हणजे फोनला लॉक नसेल तर तेवढे पैसे उघड्यावर.

मेट्रोच्या फाटकावर चालणाऱ्या एनसीएमसी कार्डात, उदाहरणार्थ पुण्याच्या 'एक पुणे' कार्डात, ऑफलाइन शिल्लक कार्डावरच साठवलेली असते. ती रोख रकमेसारखी धरावी. कार्ड हरवलं तर ती शिल्लक सहसा परत मिळत नाही, म्हणून त्यात प्रवासापुरतेच पैसे भरलेले बरे.

गावाकडे बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढतात, त्या आधार-आधारित पद्धतीचा धोका या सगळ्यापेक्षा जुना आणि जास्त त्रासाचा आहे. पिन बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून त्यांच्या नकला बनवून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. आधारच्या ॲपमधून किंवा वेबसाइटवरून बायोमेट्रिक लॉक करता येतं आणि गरज लागेल तेव्हा उघडता येतं.

पैसे गेलेच तर कोण भरणार?

याचं उत्तर बरंचसं घड्याळावर ठरतं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर गेलेली रक्कम किंवा ठरावीक कमाल मर्यादा, यांतलं जे कमी असेल तेवढा भार ग्राहकावर. साध्या बचत खात्याला ही मर्यादा १०,००० रुपये आहे, मूलभूत बचत खात्याला ५,००० आणि ५ लाखांपेक्षा जास्त मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला २५,०००. सात दिवस उलटले की बँकेचं धोरण काय म्हणेल ते. दिवस मोजताना बँकेचा मेसेज मिळाल्याचा दिवस धरत नाहीत.

समजा, बचत खात्याच्या डेबिट कार्डावरून असे १८,००० रुपये गेले. दुसऱ्या दिवशी कळवलं तर ग्राहकाला काही सोसावं लागत नाही. पाचव्या कामकाजी दिवशी कळवलं तर १०,००० पर्यंत भार येऊ शकतो. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचं, असंही परिपत्रक सांगतं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, आणि शाखेत वाद घालताना लोक नेमकं हेच विसरतात.

दुसरी बाजूही आहे. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे फसल्याची शरम वाटून घरात दोन दिवस गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. हरवलेल्या कार्डाच्या बाबतीत, ग्राहकावर जास्तीत जास्त किती भार येईल आणि हरवल्याचं कळवणं ही त्याची जबाबदारी आहे, हे बँकेने कार्ड देतानाच सांगायचं असतं. ते सहसा कार्डासोबतच्या बारीक अक्षरांच्या कागदात असतं.

हे सगळं घड्याळ सुरू होतं मेसेजपासून. म्हणून बँकेत जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर नोंदलेला असणं हा स्वतंत्र धोका आहे. मुलाच्या नंबरवर आईच्या खात्याचे मेसेज जात असतील, तर तीन दिवस मुलगा मेसेज कधी बघतो यावर ठरतात.

पैसे गेल्याचं लक्षात आलं की आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक करायचं, मग बँकेच्या हेल्पलाइनवर कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या मागे असतो, पण कार्डच हरवलं तर तो कुठून मिळणार, म्हणून फोनमध्ये आधीच सेव्ह केलेला हवा. गूगलवर शोधू नये, तिथे खोट्या 'कस्टमर केअर'चे नंबर पेरलेले असतात. फसवणूक असेल तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी कळलं तर ते तिथेच गोठवता येतात. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी नंबर आहे १४४४८.